आमची वाटचाल : फोटो फ्रेमपासून फिश टँकपर्यंत

बेळगावच्या शहापुरातलं आमचं दुकान मूळचं काचेचं. वडील फोटो फ्रेम करायचे, खिडक्यांना काचा बसवून द्यायचे. कापून उरलेले तुकडे फुकट जायला नकोत म्हणून त्यांनी सिलिकॉन आणून एक पेटी जोडली, पाण्याने भरली आणि गळतेय का ते बघायला दारात ठेवली. बाजाराला आलेली माणसं थांबून विचारायला लागली, "मासे कधी घालणार?" मासे घालायचा वडिलांचा विचारच नव्हता. गिऱ्हाइकांनीच तो त्यांच्या डोक्यात घातला.

आज फ्रेमचं काम एका कोपऱ्यात आहे आणि बाकी सगळं दुकान माशांचं. बेळगावचे तर येतातच, शिवाय खानापूर, निपाणी, चंदगडकडूनही लोक येतात. बैलहोंगलचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये बोलतं, आम्हीही बोलतो. भाव मात्र सगळे सारखाच पाडून मागतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपते ती दोन फुटी पेटी : लांबी दोन फूट, रुंदी आणि उंची एकेक फूट. हिशोबाने तिच्यात 56 लिटर पाणी मावतं. खाली खडी, वर चार बोटं मोकळी जागा सोडली की हातात उरतं 45-50 लिटर. कुठला मासा द्यायचा, हे आम्ही या आकड्यावरून ठरवतो, गिऱ्हाइकाच्या बोटावरून नाही. बोट नेहमी गोल्डफिशवर असतं.

"दोन फुटी द्या आणि नऊ गोल्डफिश घाला. आठ लाल, एक काळा." कुणीतरी वास्तूसाठी सांगितलेलं असतं. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला. दुकानात दीड-दोन इंचाचा दिसतो, पण नीट सांभाळला तर वीतभर होतो आणि दहा वर्षंही जगतो. खातो भरपूर, घाण त्याहून जास्त. नऊ जण 50 लिटरमध्ये घातले तर पाणी आठवड्यात गढूळ होतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. पण नऊच्या आकड्याशी आमचं भांडण नाही. आम्ही आठ लाल प्लॅटी आणि एक काळी मोली देतो. दोन्ही जाती दोन-तीन इंचाच्या पुढे सहसा जात नाहीत, दोघींना जरा जड पाणी चालतं, म्हणजे बोअरचं पाणी असलेल्या घरातही अडचण नाही. एवढंच की सगळे नर निवडावे लागतात. या जाती थेट पिल्लं देतात, माद्या गेल्या तर नऊचा आकडा महिनाभर टिकायचा नाही! पोटाखालचा मागचा पर बघायचा : नराचा अरुंद आणि टोकदार, मादीचा पसरट. वास्तूवाल्यांनी अजून तरी हरकत घेतलेली नाही.

निऑन टेट्रा मागितले तर एक-दोन देत नाही, सहा तरी घ्या म्हणतो, कारण तो थव्याने राहणारा मासा आहे. सोबत एंजल नको. मोठा झाला की निऑन गिळतो. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. फायटर एकटा ठेवायचा. तो वरची हवा घेऊ शकतो म्हणून बाटलीत तगतो, पण तगणं वेगळं. काचेचे गोल बाऊल आम्ही ठेवणंच बंद केलं.

धंद्याला सगळ्यात महाग पडलेला आमचा नियम म्हणजे पेटी आज, मासे नंतर. नव्या पाण्यात माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. पोर रडतं, आई म्हणते, "काय होतंय, घाला की आजच." काही जण चिडून दुसरीकडे जातात, जाऊ देत. थांबणाऱ्याला आम्ही आमच्या चालू टाकीतला जुना स्पंज देतो, त्याने वाट बघणं बरंच कमी होतं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायचं औषध आधी.

आपल्याकडची थंडी हा वेगळाच विषय. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर. डिसेंबरात पहाटे पेटीतलं पाणी एकदम गार पडतं आणि चार दिवसांनी माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. दोन फुटी पेटीला 50 वॅटचा हीटर दिवाळीनंतर लावाच. गोल्डफिशला थंडी सोसते, पण त्याला पेटी मोठी लागते, ते वर आलंच.

माल चेन्नईच्या कोळत्तूरहून आणि मुंबईहून येतो. थर्मोकोलचं खोकं, आत ऑक्सिजन भरून रबराने आवळलेल्या पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र. पिशव्या आधी बंदच टाकीवर तरंगत ठेवायच्या, पंधरा-वीस मिनिटं, पाण्याचा गारठा सारखा होईपर्यंत. मग तोंड सोडून वाटीवाटीने आमचं पाणी आत. शेवटी मासे जाळीने काढून टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत. घाई केली तर निऑन आधी जातात. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस तो माल विक्रीला नसतो. दारात कुणी कितीही ओळखीचं उभं असो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये खोकी यायची थांबली. तेव्हा मागच्या खोलीत गप्पी आणि मोलीची पैदास होती म्हणून दुकान तगलं. ती आम्ही पुढेही चालू ठेवली. इथल्या पाण्यात जन्मलेली पिल्लं बाहेरच्यांपेक्षा काटक निघतात. दवाखाने आणि हॉटेलांतल्या टाक्या साफ करायचं काम मुलगी बघते, त्यावर दुकानाचं भाडं निघतं.

एक विनंती. "काच साफ करणारा" म्हणून लोक सकर नेतात, तो बोटाएवढा असतो आणि पुढे फूटभर होतो. मग कुणी तो किल्ला तलावात नाहीतर नदीत सोडतं. तसं करू नका, बाहेरचा मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो. आमच्याकडे आणून द्या, कुठूनही घेतलेला असला तरी चालेल. सध्या असे काही मोठे सकर मागच्या टाकीत आहेत. ज्यांच्याकडे चार फुटी किंवा त्याहून मोठी पेटी आहे त्यांनी खुशाल यावं, फुकट देतो. फक्त येताना पेटीचा फोटो दाखवा.