हॅवलॉकला दिसलेली काळी-निळी गोगलगाय कोण होती ते एकदाचं सापडलं!

डिसेंबरात ताई, भाचा आणि मी अंदमानला गेलो होतो, तेव्हा हॅवलॉकच्या एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग केलं. मासे तर दिसलेच भरपूर, पण माझ्या डोक्यात घर केलं ते एका बोटाएवढ्या प्राण्याने. छातीभर पाणी असेल, खाली एक खडक, त्यावर ही बाई आरामात बसलेली. काळंकुट्ट अंग, पाठीवर लांबीला निळसर-राखाडी उंचवट्यांच्या ओळी आणि प्रत्येक उंचवट्याच्या टोकाला हळदीसारखा पिवळा ठिपका. पुढे दोन पिवळी शिंगं. भाच्याने गोप्रोवर शूट केलं आणि वर येऊन पहिला प्रश्न, "मावशी, ही कोण?"

समुद्री गोगलगाय आहे, शंख नसलेली, एवढंच सांगता आलं. मग ऐरोलीला परत आल्यावर रोज ठाण्याला जाताना ट्रेनमध्ये तीच क्लिप आणि तेच फोटो बघत बसायचे.

फोनमधल्या ॲपने आधी दुसरंच नाव दिलं. त्या जातीच्या फोटोंत पाठीमागे फुलासारखा कल्ल्यांचा झुबका होता, आणि आमच्या गोगलगायीच्या पाठीवर झुबका नाहीच, किती झूम केलं तरी नाही. खरं तर अशा शंख नसलेल्या समुद्री गोगलगायींना म्हणतात त्या न्यूडिब्रँक या नावाचा अर्थच उघडे कल्ले, म्हणून मी तो झुबका शोधत राहिले. पण तो नसणं हीच तर खूण होती! फिलिडिया नावाच्या गटातल्या गोगलगायी आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे कल्ले पाठीवर नसतात, पाठीच्या पदराखाली दोन्ही बाजूंना लपलेले असतात. हे कळलं आणि यादी एकदम छोटी झाली.

फिलिडिएला पुस्टुलोसा लगेच बाद, कारण तिची शिंगं काळी आणि उंचवटे गुलाबी. उरल्या मुख्य दोन, फिलिडिया व्हेरिकोसा आणि फिलिडिया सिलेस्टिस. दोघी काळ्या-निळ्या-पिवळ्या, वरून बघून मला तरी खात्री देता येईना. फरक पोटाखाली असतो, म्हणजे ज्या तळव्यावर ती सरकते तिथे. व्हेरिकोसाच्या तळव्यावर मधोमध लांब काळी रेघ असते, सिलेस्टिसच्या नसते. आता हे वाचून कुणाला वाटेल की उलटी करून बघायची होती ना, तर अजिबात नाही!! एक तर रीफवरच्या कशालाही हात लावायचा नाही, प्रवाळ तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहे, आणि दुसरं म्हणजे ही बाई विषारी आहे. तिचा चिकट स्राव माशांचा जीव घेतो, हे 1963 मध्येच छापून आलंय. मग 1975 मध्ये हवाईच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला पदार्थ शोधला, तर तोच पदार्थ ती खाते त्या स्पंज नावाच्या समुद्री प्राण्यातही निघाला. म्हणजे विष स्वतः तयार करत नाही, जेवणातून साठवते. मला हे इतकं आवडलं की त्या दिवशी ठाण्याहून परत येताना ऐरोली कधी गेलं कळलंच नाही, थेट घणसोलीला उतरले.

शेवटी भाच्यानेच तोडगा काढला. क्लिपच्या अगदी शेवटी ती खडकाच्या कडेवरून पलीकडे वळते, तेव्हा पुढचा भाग क्षणभर अधांतरी उचलला जातो. तिथे एकेक फ्रेम पुढे सरकवली, ब्राइटनेस वाढवला आणि फिकट तळव्यावर मधोमध काळी रेघ स्पष्ट दिसली. अशीच रेघ फिलिडिया एलेगन्सलाही असते म्हणे, पण तिचे उंचवटे गुलाबीसर असतात, आमच्या बाईचे निळसर.

म्हणजे फिलिडिया व्हेरिकोसा, लामार्कने 1801 मध्ये नाव दिलेली. व्हेरिकोसा म्हणजे फुगलेल्या शिरांची, आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो ना तोच शब्द. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, माझ्या पिंढऱ्या अशाच दिसतात गं, फक्त पिवळे ठिपके नाहीत.

आणि आता भाच्याने नवीनच काढलंय. याच जातींसारखे रंग घेऊन फिरणारं समुद्री काकडी नावाच्या प्राण्याचं एक पिल्लूही असतं, विषारी गोगलगायीची नक्कल करून मासे लांब ठेवायचे म्हणून. तो म्हणतो क्लिपच्या सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात तसंच काहीतरी दिसतंय. उद्या सकाळच्या ट्रेनमध्ये बघते.