घरी रंगवलेली स्प्लेंडर आणि कार्बोरेटर : झाकणापासून खाली

सेकंडहँड हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. मूळची काळी, पण आधीच्या मालकाने टाकी आणि साइड पॅनेल घरीच स्प्रेच्या डब्याने निळी केलेली. (आरसी बुकात गाडीचा रंगही लिहिलेला असतो. रंग बदललेली गाडी घेताना आरटीओत तशी नोंद आहे का, हे पैसे देण्याआधीच बघून घ्यावं.) तक्रारी तीन होत्या. चोकवर पटकन स्टार्ट व्हायची, पण थोडं अंतर गेलं की पिकअप सोडून बंद पडायची आणि जरा थांबलं की पुन्हा चालू. रात्रभर उभी केली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकायचं. आणि स्लो रेस (अ‍ॅक्सिलरेटर न पिळता इंजिनाने संथ चालू राहणं) काही केल्या धरत नव्हती.

अशा गाडीवर मेकॅनिकचा पहिला हात एअर स्क्रूवर (स्लो रेसचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) जातो. तो मी शेवटपर्यंत राखून ठेवला. रंग दिल्याने स्क्रूची सेटिंग हलत नाही. हलतं ते वेगळंच: कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) काहीतरी जातं, नाहीतर त्याच्यापर्यंत काहीतरी पोचत नाही. म्हणून पेट्रोल ज्या वाटेने खाली येतं, त्याच वाटेने टाकीच्या झाकणापासून निघालो.

झाकणात हवेसाठी एक बारीक वाट असते. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. झाकण न झाकता किंवा त्याच्यासकट स्प्रे मारला की ती वाट बुजते. या गाड्यांना पेट्रोल पंप नाही, सगळं उतारावर चालतं. टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा फार तर वीस-तीस सेंटीमीटर वर असते. एवढ्या उंचीचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण दोन टक्के भरतो. म्हणजे टाकीतली कोंडलेली हवा दोनेक टक्क्यांनी विरळ झाली की पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकीत पाच लिटरची मोकळी जागा असेल तर सुमारे १०० मिलीवर गाडी अडते; ६० चं मायलेज धरलं तर सहा किलोमीटर. टाकी जवळपास भरलेली, मोकळी जागा एकच लिटर असेल, तर २० मिली आणि फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) असेल तेवढंच. म्हणून टाकी फुल केल्यावर गाडी उलट लवकर बंद पडते आणि लोक पंपवाल्याला शिव्या घालतात.

खात्री सोपी आहे. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडायचं. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर रोग इथेच. कार्बोरेटरची नळी बाटलीत सोडून प्रवाह बघण्यात एक फसगत आहे: सुरुवातीचा एक मिनिट धार झकास दिसते. झाकण बंद ठेवून चांगलं पाव लिटर उतरू द्यावं, मगच धार बारीक होते का ते कळतं. मी झाकणाच्या आतली बाजू थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाने मऊ केली, वायरमधली तांब्याची एक तार काढून भोक मोकळं केलं आणि तोंडाने फुंकून हवा पार जाते का ते पाहिलं. रबराच्या वॉशरला थिनर लागू द्यायचं नाही, ते फुगतं. काही जण ड्रिलने भोकच मोठं करतात, मग पावसाळ्यात त्यातूनच पाणी आत जातं.

या उपायाने बंद पडणं थांबलं, पण ठिबकणं आणि स्लो रेस जैसे थे. झाकणाखाली टाकीच्या तोंडाची आतली कड पाहिली तर तीही निळी. स्प्रेच्या डब्यातला साधा रंग आणि एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग पेट्रोलमध्ये मऊ होतात. हार्डनर घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग सहसा टिकतो. कोणता आहे ते कळायला लपलेल्या जागी थिनरचा कापूस घासावा. कापूस रंगला तर पेट्रोलही तो रंग सोडवणार. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं, ते अशा रंगाला जास्तच खातं.

टाकी पूर्ण उतरवली. सीट काढायची, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून नळी काढायची, मागचा बोल्ट सोडायचा आणि टाकी मागे ओढायची. पुढच्या बाजूला ती नुसती रबरांवर बसलेली असते. सगळं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं आणि तासभर हलवलं नाही. तळाशी गढूळ थर बसला. घरच्या रंगकामात पॉलिश पेपर पाण्यातून मारतात, आणि टाकीच्या तोंडाला नुसती चिंधी कोंबलेली असली तर पाणी आत उतरतंच. इथेनॉल त्या पाण्याला धरून दोघं मिळून तळाशी बसतात, त्यामुळे थर मूळ पाण्यापेक्षा जाड दिसतो. कॉकची नळी टाकीच्या तळाजवळच तोंड उघडते आणि रिझर्व्हची तर अगदी तळाला, तेव्हा रिझर्व्हवर घेतल्यावरच गाडी मिसिंग मारत असेल तर आधी पाण्याचा संशय घ्यावा.

बरणीच्या बुडाशी गंजाची तपकिरी पूडही होती. कॉकच्या जाळीतून ती सहज जाते. टाकीत पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवलं, मधूनमधून हलवलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून आंबटपणा मारला. लगेच उन्हात पूर्ण वाळवली आणि थोडं इंजिन ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून काढून टाकलं, नाहीतर उघड्या पत्र्यावर काही तासांत नवा गंज धरतो. हेअर ड्रायर किंवा हीटगन टाकीच्या तोंडात घालायची नाही. पेट्रोलची वाफ धुतल्यावरही राहते. तोंडाची निळी कड खरवडून पत्रा उघडा केला. ही खरवड टाकी धुण्याआधी करावी, म्हणजे कपचे धुण्याबरोबर बाहेर जातात.

आता कार्बोरेटर. वरची गोल टोपी फिरवून स्लाइड (रेस दिली की वर उचलला जाणारा पडदा) आणि तिची नीडल केबलसकट बाजूला टांगून ठेवली, १० नंबरच्या पान्याने मॅनिफोल्डचे (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणारी नळी) दोन बोल्ट सोडले. फ्लोट चेंबर उघडल्यावर तळाशी निळसर चिकट साय दिसली, बोटाला ताणून लांबणारी. चेंबर भरला की पेट्रोल बंद करणाऱ्या फ्लोटच्या नीडल वॉल्व्हच्या टोकावर तीच. हा वॉल्व्ह चिकटून अर्धा उघडा राहत होता, म्हणून रात्री ओव्हरफ्लो. टोकाच्या रबरावर गोल खळगा पडला असेल तर साफ करत बसू नये, नवा टाकावा. त्याची बसण्याची पितळी जागा कापसाच्या काडीने पुसावी, पॉलिश पेपर तिथे चालत नाही.

एन.सी. रंगाची साय थिनरने जाते, पण थिनरमध्ये फक्त पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) आणि रिकामी बॉडी घालायची. फ्लोट, ओ-रिंग, पॅकिंग, नीडल वॉल्व्ह सगळं आधी बाहेर. मेन जेट उजेडासमोर धरला तर आरपार दिसला. खरा अडकलेला होता स्लो जेट, त्याचं भोक केसाएवढं, म्हणून रेस दिली की गाडी चालायची आणि सोडली की बंद. यात टाचणी किंवा स्टीलची तार कधीच घालू नये. पितळ मऊ, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. थिनरमध्ये भिजवायचा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने दोन्ही बाजूंनी फुंकायचा. काही कार्बोरेटरांत हा जेट ठोकून बसवलेला असतो, तो उपटू नये, जागेवरच कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रेने धुवावा. बॉडीतल्या बारीक वाटाही तशाच: एका भोकातून स्प्रे मारला की दुसरीकडून यायला हवा.

जोडून बसवल्यावर ठिबकणं गेलं, पण रेस वरखाली होत राहिली. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मधल्या काळ्या इन्सुलेटरभोवती थंड इंजिनवर साबणाचं पाणी मारलं, रेस बदलली. म्हणजे तिथून हवा ओढली जात होती. इन्सुलेटरच्या एका तोंडावर निळ्या रंगाचे शिंतोडे बसलेले आणि ओ-रिंग चपटी. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर ते तोंड घासून सपाट केलं, ओ-रिंग नवी टाकली आणि बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे आवळले. एकच बोल्ट दाबून आवळला की फ्लँज वाकतो आणि मग कितीही पॅकिंग बदला, हवा खातोच.

कार्बोरेटरशी संबंध नसलेली एक गोष्टही याच रांगेत तपासावी. टाकीखालच्या फ्रेमलाही रंग मारलेला असतो, आणि इग्निशन कॉइलचं (ठिणगीची वीज तयार करणारी) अर्थिंग बऱ्याच गाड्यांत तिच्या बोल्टमधूनच फ्रेमला मिळतं. मधे रंग आला की ठिणगी कमजोर, आणि लक्षणं हुबेहूब जेट अडकल्यासारखी. बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड चमकवलं. एअर फिल्टरमध्ये पॉलिश पेपरची पूड साठली होती, तो बदलला.

मग शेवटी तो राखून ठेवलेला एअर स्क्रू. इंजिन दहा मिनिटं गरम केलं. स्क्रू अलगद तळाला बसवून, दाबून नव्हे, दीड आटा मागे घेतला. मग स्लो रेसच्या स्क्रूने इंजिन थोडं वर ठेवून एअर स्क्रू पाव-पाव आटा फिरवत जिथे रेस सर्वांत जास्त आणि सलग लागते तिथे थांबायचं, आणि मग स्लो रेस खाली आणायची. स्प्लेंडरला मिनिटाला साधारण १४०० फेरे. स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर उलट, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. तळापासून तीन आटे काढूनही फरक पडत नसेल, तर स्लो जेट अजून साफ झालेला नाही, परत खोलावा.

टाकी आणि कार्बोरेटरच्या मधे जाळीवाला इनलाइन फिल्टर टाकला, नळी कुठेही वर चढणार नाही अशी. कागदी फिल्टर पंप असलेल्या गाड्यांसाठी ठीक, इथे तो पेट्रोल अडवतो. पहिले काही आठवडे दर रविवारी फ्लोट चेंबरचा खालचा ड्रेन स्क्रू सोडून दोन चमचे पेट्रोल पारदर्शक झाकणात घेऊन बघत होतो. निळी झाक दिसायची बंद झाल्यावर हे सोडलं, आणि टाकीच्या तोंडाच्या उघड्या कडेला हार्डनरवाला पीयू क्लिअर ब्रशने लावून घेतला.