एक कथा, दोन अंक

"कथा उत्तम आहे, पण काढावी लागतेय. तीच दुसऱ्या अंकालाही दिलीय त्यांनी." दिवाळी अंकाचे एक संपादक आज फोनवर म्हणाले. पानं लागली होती, चित्रंही काढून झाली होती.

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

एका वेळी एकाच अंकाकडे कथा द्यावी. उत्तर आलं नाही तर महिना-दीड महिन्याने विचारावं आणि दुसरीकडे पाठवण्याआधी 'कथा परत घेत आहे' असं ईमेलने कळवावं. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, मग मुद्रितशोधक वैतागतो.

हे पाळणाऱ्याने मानधनाचं विचारायला मुळीच संकोचू नये. मात्र होकार येताच विचारावं, अंक निघाल्यावर नव्हे. रक्कम, तारीख, कोणते हक्क, सगळं लेखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. त्यात मुदत नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरतंच. ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क वेगळे नोंदवावेत, तिथेच बहुतेक जण गाफील राहतात.

यंदा अंकाला कथा दिलेल्यांपैकी किती जणांकडे मानधनाचा आकडा लेखी आहे?