आमची वाटचाल: ताक्याच्या शेवटच्या तुकड्यातून टॉप

इचलकरंजीत कापडाला तोटा नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग चालवला आणि आज कुठल्याही गल्लीत जा, मागाचा खडखडाट आहेच. पण जिथं कापड तिथं तुकडे. गारमेंटवाल्यांचं कटिंग झालं की ताक्याचा, म्हणजे कापडाच्या गुंडाळीचा, शेवट उरतो, कधी पाऊण मीटर कधी सव्वा, कुठं शेड बदललेली असते कुठं विणीत दोष असतो, आणि हे सगळं किलोवर विकलं जातं. त्यातलं कितीतरी चांगलं सुती कापड वर्कशॉपमध्ये मशीन पुसायला जातं, ते बघून जीव तुटायचा, म्हणून आम्ही तोच माल घ्यायला लागलो.

आधी पिशव्या आणि एप्रन केले. ते खपायचे, पण पॉपलिन, केंब्रिक, शर्टिंगच्या चेक्स असलं अंगाला लागणारं मऊ कापड पिशवीत घालवायचं म्हणजे वाईट वाटायचं, म्हणून मग जीन्सवर किंवा घरात घालता येईल असा साधा सैल टॉप करायचं ठरवलं. अडचण अशी की ४४ इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) एका टॉपला सव्वा मीटर तरी सलग लागतं आणि आमच्याकडं येतात ते बहुतेक अर्धे-पाऊण मीटरचे. इथं जुनं कटिंग कामाला आलं. पूर्वीची बंडी काय अंगरखा काय, हातमागाचं कापड अरुंद म्हणून सरळ पट्ट्या जोडूनच शिवायचे, बाही सरळ, बगलेत कळी म्हणजे जोडलेला छोटा तुकडा, वाया काहीच नाही. आम्ही तेच घेतलं. पुढचा भाग एका तुकड्याचा, मागं मधोमध शिवण, खांद्याला दुसऱ्या रंगाचा योक (वरचा वेगळा जोडलेला भाग) आणि बगलेत साधारण चार इंचाची चौकोनी कळी. ही कळी फार महत्त्वाची आहे, ती असली की हात वर केला तरी टॉप कमरेवरून वर ओढला जात नाही, डब्बा घेऊन लोकलमध्ये उभ्यानं जाणाऱ्या एका गिऱ्हाईक ताईंनी खास फोन करून हेच सांगितलं.

तुकडे आले की पहिलं काम भिजवायचं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि प्रत्येक तुकडा वेगळा आटतो, तसंच जोडलं तर गिऱ्हाइकानं घरी एकदा धुतलं की शिवणीला चुण्या पडल्याच म्हणून समजा. लाल, मरून, गडद निळा असेल तर ओलं पांढरं फडकं चोळून रंग सुटतोय का बघायचं, सुटला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी अजिबात लावायचा नाही. मग इस्त्री आणि मग उभा धागा शोधायचा. तुकड्याला काठ राहिलेला नसतो त्यामुळं कडेचा एक धागा हळूच ओढून काढायचा, त्याची जी रेघ उमटते ती धरून कात्री चालवायची. हे टाळलं तर टॉप अंगावर तिरका फिरतो, आणि मग कितीही छान शिवा, उपयोग नाही. आतून धागे सुटू नयेत म्हणून कडांना ओव्हरलॉकची शिलाई असतेच, गळ्याला उरेब म्हणजे तिरकी कापलेली पट्टी.

ओव्हरलॉक मशीन आणि सेकंडहँड जुकी शिलाई मशीन मुद्रा कर्जाच्या शिशु गटातून घेतलं, त्यात ५० हजारापर्यंत मिळतात. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता मजुरीचं, कारण सगळ्यात जास्त विचार आम्ही ह्याच्यावर केला. ह्या धंद्यात पीस रेट चालतो, म्हणजे नगावर मजुरी, एकसारखे शंभर पीस असतील तर ठीक आहे, पण आमच्याकडं एक टॉप तीन तुकड्यांचा तर दुसरा सात तुकड्यांचा. पीस रेट लावला तर ज्या बाईच्या वाट्याला सात तुकडे आले तिचं नुकसान, आणि मग तुकडे निवडताना भांडणं. म्हणून आम्ही नगावर नाही, दिवसाच्या हिशोबानं मजुरी देतो. रंग जुळवत टेबलापाशी उभं राहायचा वेळसुद्धा कामाचाच वेळ धरतो. गिऱ्हाईक म्हणतं चिंध्यांचाच आहे ना मग स्वस्त द्या, तर ताई, कापड स्वस्त पडतं हे खरं आहे पण हात जास्त लागतात, आणि त्या हातांचे पैसे कमी करायचे नाहीत हे आमचं पक्कं आहे.

विक्री बहुतेक व्हॉट्सॲपवरच, कारण प्रत्येक टॉप वेगळा, फोटो वेगळा, एकदा गेला की तसाच परत होत नाही. कापून जे बोटभर उरतं ते शेजारच्या मावशी वाकळेला नेतात.

साइज ३४ पासून ४६ पर्यंत करतो आणि सगळ्यांना किंमत एकच. मोठ्या साइजला दोन-तीन तुकडे जास्त जोडावे लागतात, पण तुकडे आमच्याकडं भरपूर आहेत, त्याचे जादा पैसे घेत नाही.