तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुणाचं?

इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत सिनेमावेडी मुलं भेटतात. मी प्रॉडक्शनमध्ये आहे म्हटलं की थोड्या गप्पांनंतर प्रश्न येतोच, 'ताई, एकाच वेळी चार जण चार कामं सांगतात, तेव्हा आधी कुणाचं करता?' बहुतेकांना उत्तर हवं असतं 'दिग्दर्शकाचं'. जरा हुशार मुलं म्हणतात, 'निर्मात्याचं, पैसे त्याचे ना!' पण दिग्दर्शक प्रॉडक्शन असिस्टंटला थेट काम सहसा सांगतच नाही. तो फर्स्ट एडीला, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकाला सांगतो आणि ते खाली येतं. माझ्यापर्यंत येतात त्या बाकी सगळ्या विभागांच्या हाका. त्यात मान कुणाचा मोठा हे मी बघत नाही. कुणाच्या कामावाचून पुढचा शॉट अडेल, तेवढं बघते.

समजा, मांद्र्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळचा सीन आहे. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास समुद्रात जातो आणि कुणासाठी थांबत नाही. साडेचारला वॉकीवर एकदम सुरू होतं: कॅमेऱ्याला ट्रॅकखाली (कॅमेरा सरकवायचे रूळ) घालायला प्लायवूड हवंय, कॉस्च्युमला इस्त्रीसाठी पॉइंट हवाय, कलाकाराच्या व्हॅनिटी व्हॅनमधून बिनसाखरेचा चहा मागितलाय आणि खर्चाचा हिशोब बघणाऱ्या लाइन प्रोड्यूसरला कालची व्हाउचरं आत्ताच्या आत्ता बघायचीत. प्लायवूड पहिलं. वाळूत ट्रॅक सपाट बसवायला वेळ लागतो आणि तो बसल्याशिवाय रिहर्सलही होत नाही. इस्त्रीबद्दल एकच प्रश्न विचारायचा, 'याच सीनचा ड्रेस की उद्याचा?' निम्म्या घाईच्या गोष्टी या एका प्रश्नावर उद्यावर जातात. चहा स्पॉटदादाकडे. त्याला हसू नका; चहा उशिरा गेला म्हणून कलाकार उशिरा बाहेर आला, तर उजेड त्यातही जातो. आणि लाइन प्रोड्यूसरला स्पष्ट सांगायचं, 'सर, व्हाउचरं पॅक-अपनंतर अर्ध्या तासात.' रागावतात, पण वेळ सांगितली की पुन्हा फोन करत नाहीत. नुसतं 'हो हो, करते' म्हटलं तर दर पाच मिनिटांनी करतात.

गोव्यात आणखी एकाचं ऐकावं लागतं, ते म्हणजे भरतीचं. तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल पाच वाजता जिथे कोरडी वाळू होती, तिथे चार-पाच दिवसांनी त्याच वेळी पाणी असू शकतं. सीन दोन दिवसांत वाटलेला असेल, तर कंटिन्युइटीवाल्यांच्या (शॉटशी शॉट जुळतो ना, हे बघणाऱ्यांच्या) आधी मी भरतीचा तक्ता बघते.

खरी पंचाईत होते ती दोन मागण्या एकमेकींच्या उलट असल्या की. लाइटवाल्यांना जनरेटर जवळ हवा असतो, कारण केबल पुरत नाही. सिंक साउंड असेल, म्हणजे आवाज सेटवरच रेकॉर्ड होत असेल, तर साउंडवाल्यांना तो दिसूसुद्धा नको असतो. साउंडवाली माणसं हळू बोलतात, म्हणून नवखी मुलं लाइटवाल्यांचंच ऐकतात. किंवा दोघांनाही होकार देऊन मोकळी होतात, जे त्याहून वाईट. इथे मी काहीच ठरवत नाही. दोघांना समोरासमोर उभं करते, नाहीतर फर्स्ट एडीला दोन्ही बाजू जशाच्या तशा सांगते, कोण म्हणालं आणि का, यासकट. 'कुणीतरी म्हणतंय' असला निरोप सेटवर कुचकामी.

पण तुम्ही विचारलंच आहे, तर जे नाव कॉल शीटवर (दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर) कधीच नसतं तेही सांगते. फोंताइन्हासमध्ये, पणजीतल्या जुन्या वस्तीत, शूटिंग आहे. एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाची परवानगी फाइलमध्ये आहे, गल्लीच्या तोंडाशी आमची माणसं उभी आहेत. खिडकीतून एक आजी म्हणते, 'बाय, म्हाका गाडी भायर काडपाची आसा.' तिचं आधी. चालू टेक कट होऊ द्यायचा, पण त्यानंतर कॅमेरा, मेकअप, चहा, सगळ्यांच्या आधी तिची गाडी. परवानगीचा कागद आम्हाला गल्लीत उभं राहू देतो. तिला तिच्याच दारात अडवायचा हक्क तो देत नाही. शिवाय फोटो आणि रील काढणाऱ्यांनी ही वस्ती आधीच वैतागलेली आहे. आम्ही चार दिवसांनी जाऊ, पुढच्या युनिटला दार उघडायचं की नाही हे तीच ठरवणार.

म्हणून आदल्या संध्याकाळी मी गल्लीत घरोघर जाऊन विचारून येते: कुणाची गाडी किती वाजता निघते, दुपारी कोण झोपतं, कुणाकडे आजारी माणूस आहे. ती यादी रात्रीच फर्स्ट एडीकडे. रविवारची मिस (चर्चमधली प्रार्थना) असली की सकाळचा पहिला सीन दुपारनंतर न्यावा लागतो. त्यावर तो कुरकुरतो, क्वचित ओरडतोही. सीन हलवायचा की नाही ते त्याने ठरवावं, पण सकाळी कळलं असं त्याला म्हणता येऊ नये, एवढं मी बघते.