तुम्ही विचारलंत म्हणून : रॉकी ब्लायर

पिट्सबर्गमध्ये राहून अमेरिकन फुटबॉलचे वेड लागलेल्या माणसाला आवडता खेळाडू विचारला, तर इथल्या स्टीलर्स संघाचे तारे टेरी ब्रॅडशॉ किंवा फ्रँको हॅरिस यांचे नाव येणार अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. मी रॉकी ब्लायर म्हणतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : युद्धात जखमी होऊन परत आला म्हणूनच ना? तुम्हीही तेच विचारलंत. उत्तर अर्धे होकारार्थी आहे.

ब्लायर विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनचे. आईवडिलांचा बार होता आणि कुटुंब त्याच्याच वरच्या मजल्यावर राहत असे. नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाचे ते कर्णधार होते, तरीही व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या १९६८ च्या खेळाडू-निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्सने त्यांना घेतले ते सोळाव्या फेरीत, म्हणजे जवळजवळ उरल्यासुरल्यांत. पहिला हंगाम संपण्याआधीच सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम आला. त्या काळी अनेक व्यावसायिक खेळाडू राखीव दलात किंवा नॅशनल गार्ड या राज्यांच्या अर्धवेळ सैन्यदलात नाव घालून व्हिएतनाम टाळत असत. ब्लायर मात्र मे १९६९ मध्ये पायदळाचे सैनिक म्हणून तिथे पोहोचले.

२० ऑगस्ट १९६९ रोजी हिएप डुकच्या भातशेतांत त्यांची तुकडी अचानक गोळीबारात सापडली आणि एक गोळी त्यांच्या डाव्या मांडीत घुसली. त्यानंतर एक हातबॉम्ब सहकाऱ्याच्या अंगावरून उसळून जवळच फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी उजवा पाय व पाऊल फाटले. तोकियोच्या रुग्णालयात डॉक्टरांनी खेळणे विसरायला सांगितले. तिथेच स्टीलर्सचे मालक आर्ट रूनी यांचे पोस्टकार्ड आले : संघाची कामगिरी चांगली नाही, आम्हाला तुझी गरज आहे.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि जिद्द होतीच. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७० च्या सराव शिबिरात ब्लायर आले तेव्हा त्यांना वेदनेशिवाय चालता येत नव्हते आणि वजन जेमतेम ८२ किलोंवर उतरले होते. प्रशिक्षक चक नोल यांनी त्यांना वगळले, आणि व्यवहार म्हणून ते योग्यच होते. रूनींनी मात्र त्यांचे नाव जखमी खेळाडूंच्या यादीत ठेवायला लावले. त्यामुळे पगार चालू राहिला, पायावर पुन्हा शस्त्रक्रिया करून घेता आली आणि मुख्य म्हणजे वेळ मिळाला. ब्लायर सुरुवातीच्या अकरा जणांत आले ते १९७४ मध्ये, वजन ९६ किलोंवर नेऊन. जखमी सैनिकाची इतकी वर्षे वाट पाहणारा मालक किती जणांना लाभतो? बफेलो बिल्स या दुसऱ्या संघाचा खेळाडू बॉब काल्सू तर व्हिएतनाममधून परतलाच नाही. जुलै १९७० मध्ये तो मारला गेला आणि दोनच दिवसांनी त्याचा मुलगा जन्मला.

खेळाडू म्हणून ब्लायर मला आवडतात ते ब्लॉकिंगमुळे. चेंडू आपल्या हाती नसताना, आपल्याहून कितीतरी वजनदार माणसाला खांद्याने अडवून चेंडू घेऊन मागून येणाऱ्या हॅरिसला वाट करून द्यायची, हे त्यांचे रोजचे काम होते आणि आकडेवारीत त्याची नोंद कुठेच होत नाही. जुना सामना पाहताना हॅरिसवरची नजर काढून त्यांच्या पुढे धावणाऱ्या वीस क्रमांकाच्या जर्सीकडे, म्हणजे ब्लायर यांच्याकडे, पाहा, मग कळेल. १९७६ मध्ये, अवघ्या १४ सामन्यांच्या हंगामात, हॅरिस १,१२८ यार्ड धावले आणि ब्लायर स्वतःही १,०३६. एकाच संघाच्या दोघांनी हजाराचा टप्पा ओलांडण्याची ती लीगच्या इतिहासातली दुसरीच वेळ होती. स्टीलर्सने जिंकलेल्या चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, विजेतेपदांबद्दल मी मुद्दामच लिहीत नाही. ती कुठेही वाचायला मिळतील.

निवृत्तीनंतर ब्लायर यांनी अनेक वर्षे प्रेरणादायी भाषणे दिली. त्या प्रकारच्या भाषणांचा मला कंटाळा आहे, कारण त्यांत युद्ध हा यशाच्या वाटेवरचा एक अडथळा होऊन बसतो. सुमारे पन्नास वर्षांनी ते पुन्हा व्हिएतनामला गेले आणि जिथे जखमी झाले त्या जागी उभे राहिल्यावर त्यांना रडू कोसळले. हे युद्ध आपण का लढलो आणि इतके सैनिक कशासाठी गमावले, असे ते तेव्हा विचारत होते.