मी पाण्यात उतरलो

लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. पुढं तेही कुणी फारसं घेतलं नाही. घरात वहिनी नाहीतर काकी, शाळेच्या गेटवर थोरल्याची आई, पतसंस्थेच्या काउंटरवर मॅडम. माहेरचं तीन अक्षरांचं नाव फक्त आईच्या तोंडात राहिलं, कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीहून तिचा फोन आला की तेवढं कानावर पडायचं. त्याचं वाईट वाटून घ्यायलाही सवड नव्हती. दोन पोरं, सासूबाईंची शुगर, ह्यांची शिरोलीच्या फौंड्रीतली शिफ्ट आणि साडेदहाला माझा काउंटर.

२०२२ च्या डिसेंबरात थोरल्यासाठी पुस्तकं आणायला कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिरात गेले. १८५० सालापासूनचं हे ग्रंथालय. कॉलेजात असताना माझी इथं रोजची फेरी असायची, लग्नानंतर मात्र पायरी चढले नव्हते. दिवाळी अंक मांडून ठेवले होते. त्यातली महापुरावरची एक कथा उभ्याउभ्याच वाचली. गोठ्यात पाणी शिरतं, घरधनीण धावत जाते आणि म्हशीचं दावं झटकन सोडते.

मी तिथंच अडकले. भिजलेलं दावं झटकन सुटत नाही. गाठ फुगून अशी आवळते की नखं मोडतात, पण ती हलत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आमची चिखली तर नद्यांच्या संगमावरच. त्या दिवशी आईनं दावं विळ्यानं कापलं, आणि विळा हातातनं पाण्यात गेला तो गेलाच. लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पुस्तकाच्या पावतीमागं मी एकच शब्द लिहिला, ‘विळा’.

पहाटे उठून लिहावं असं सगळे सांगतात. आमच्याकडं पहाटे पाचला नळाला पाणी येतं, त्यामुळं पहाट माझी नाहीच. रात्री अकराला वही घेतली तर पेन हातात तसाच ठेवून डोळा लागायचा. पंधरा दिवसांत पाऊण पान झालं. मग वेळ शोधायचं सोडून दिलं आणि जो होता तोच धरला. धाकटीचा कराटेचा क्लास पाऊण तासाचा, आठवड्यातनं तीनदा. गाडीवर बसून मांडीवर वही घ्यायची आणि क्लास सुटेपर्यंत मान वर करायची नाही. बाकीच्या दिवशी ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर एक वाक्य लिहायचं आणि चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. एक म्हणजे एकच. रविवारी डबा उपडा केला की त्यातलं निम्मं टाकाऊ निघायचं, पण उरलेलं निम्मं हाताशी असायचं.

एकदा सासूबाईंनी विचारलं, “काय लिवायलीस गं एवढं? हिशोब हाय व्हय?”

“नाही, गोष्ट.”

त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग दार लावून बस की. आजच्या भाकऱ्या मी थापतो.” त्यांचे गुडघे ठणकत होते, तरी तासभर ओट्याशी उभ्या राहिल्या. तो एक तास मी कधी विसरणार नाही.

अकरा पानं झाली तेव्हा शाळेतल्या आमच्या मराठीच्या सरांना दाखवली. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून त्यांनी शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, “म्हैस चौथ्या पानावर येते. तोवर नुसता पाऊस पडतोय. आणि हे बोलतंय कोण?” घरी येऊन मी परत वाचली. ‘जलस्तर क्षणाक्षणाला वाढत होता’, ‘नेत्रांतून अश्रू ओघळले’. आई असं बोलत नाही. मीसुद्धा बोलत नाही.

वाट सापडली ती स्वयंपाकघरात. हात पिठाचे होते, म्हणून मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवला, बोलून टाइप करायचा माइक चालू केला आणि भाकरी थापत थापत आईनं सांगितलेलं जसंच्या तसं बोलत गेले. फोन पूर्णविराम देत नाही. मिक्सर चालू असला की काहीतरी भलतंच उमटतं. माझं ‘हुती’ त्यानं परस्पर ‘होती’ करून टाकलं. पण रात्री वाचायला घेतलं तर एक गोष्ट त्यानं तशीच ठेवली होती. मी पाण्यात उतरलो. मी तिच्या कानात बोललो.

आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. मी आलो, मी जातो, मी करतो. लहानपणापासून माझ्याही तोंडात तेच होतं. लग्नाआधी वर्षभर पुण्यात नोकरीला होते. तिथं पहिल्याच दिवशी मी “जेवून आलो” म्हणाले आणि सगळी खोली हसली. महिन्याभरात आले, जाते, करते असं घोटून घेतलं. इतकं पक्कं की पुढं आईशी बोलतानाही तेच यायला लागलं. नाव दुसऱ्यांनी बदललं होतं, हे मात्र मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं. त्या रात्री मी अकराच्या अकरा पानं बाजूला ठेवली आणि कथा पहिल्यापासून आईच्या तोंडून लिहिली. सहा पानांत संपली. म्हैस पहिल्या ओळीत आली.

मराठीत १९०९ पासून दिवाळी अंक निघतात, आणि माझ्यासारखीला शिरायला दार तेच. आषाढाच्या सुमाराला साहित्य मागवल्याची निवेदनं येतात. कथा अप्रकाशित हवी, एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायची नाही, युनिकोडमध्ये वर्डची फाइल हवी, पीडीएफ चालत नाही. २०२३ ला एका अंकाला पाठवली. पोचसुद्धा आली नाही आणि ते वर्ष तसंच गेलं. २०२४ ला दुसऱ्या अंकाला पाठवली, ती घेतल्याचा मेल सप्टेंबरात आला.

मग प्रूफ आलं. तेवीस ठिकाणी ‘उतरलो’चं ‘उतरले’ झालं होतं, ‘बोललो’चं ‘बोलले’.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून संपादकांना फोन लावला. हात गार पडले होते. मी म्हणाले, “सर, बाई बोलत्येय म्हणूनच ते तसं आहे. कोल्हापूरकडं बायका तशाच बोलतात.” ते म्हणाले, वाचकांना मुद्रणदोष वाटेल. मी म्हणाले, “खाली एक ओळ टीप द्या. पण बदलणार असाल तर कथा परत द्या.” आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला असं काही म्हणाले असेन. थोड्या वेळानं ते म्हणाले, “ठीक आहे. टीप तुम्हीच लिहून पाठवा. आणि नाव कसं छापू?”

त्याच उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागतं. फॉर्म भरताना बहिणीनं आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं होतं, ते डोळ्यांपुढं आलं. मी संपादकांना माहेरचं नाव सांगितलं. तीन अक्षरं, पुढं सासरचं आडनाव. ह्यांना संध्याकाळी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “तुझ्या आईला आधी कळव.”

फोनवर नाही कळवलं. भाऊबीजेला अंक घेऊन चिखलीला गेले. आई गोठ्याच्या उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. तिला वाचता येतं, पण म्हणाली तूच वाच. मी वाचायला लागले. ‘मी पाण्यात उतरलो’ आलं तसे तिचे हात थांबले.

“गुडघ्याएवढं लिवलंयस व्हय?” ती म्हणाली. “कमरंएवढं हुतं पाणी. फुडच्या बारीला नीट लिव.”